अजिंक्य रहाणेची जागा

(दृश्य: मेलबर्न, डिसेंबर २०२०)

रवींद्र जडेजा ४९ वर खेळतोय. चेंडू कव्हरकडे ढकलून तो धावेसाठी हाक देतो. समोरून अजिंक्य रहाणे कां-कू न करता निघतो. थ्रो थेट यष्टिरक्षकाच्या हातात येतो आणि अगदी थोडक्यात रहाणे धावबाद होतो. ११२ धावा, २२३ चेंडू. कपाळावर आठी नाही. आधी तो जडेजाला धीर देतो, मग मैदान सोडतो.

त्याच महिन्यात ॲडलेडला ऑस्ट्रेलियाविरुद्ध हा भारतीय संघ ३६ धावांत गारद झाला होता. कर्णधार विराट कोहली मुलीच्या जन्मासाठी मायदेशी परतला होता, मोहम्मद शमीचा हात मोडला होता. कर्णधारपद रहाणेकडे आलं, आणि उरलेल्या संघाला घेऊन त्यानं मेलबर्न जिंकलं, सिडनी वाचवलं, ब्रिस्बेन जिंकलं. मालिका २-१. माटुंग्यात त्याच्या सोसायटीत ढोल-ताशे वाजले. समोर आलेल्या केकवर कांगारू होता, म्हणून त्यानं तो कापायला नकार दिला.

अशा माणसाला संघातून काढा, असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण वर्षभरात तेच म्हणायची वेळ आली.

(दृश्य: चेन्नई, फेब्रुवारी २०२१)

जेम्स अँडरसनचं षटक. जुना चेंडू आत वळतो आणि रहाणेचा स्टंप उडतो. शून्य. पुढच्या सामन्यात ६७, आणि पुन्हा शांतता. जूनमध्ये साउदॅम्प्टनला जागतिक कसोटी स्पर्धेची अंतिम लढत. तिथं तो ४९ पर्यंत सुरेख खेळला. नील वॅग्नरनं आखूड चेंडूचा सापळा लावला होता, स्क्वेअर लेगला क्षेत्ररक्षक उभा होता, आणि रहाणेनं झेल नेमका त्याच्याच हातात दिला.

फॉर्म गेला म्हणजे काय, हे धावफलकापेक्षा अशा बाद होण्यात दिसतं. चांगल्या चेंडूवर बाद झालेला फलंदाज दोन-तीन डाव अपयशी ठरला तरी त्याला सांभाळून घ्यावं. पण समोर लावलेल्या सापळ्यात जो स्वतःहून पाय टाकतो, त्याचं मन खेळपट्टीवर स्थिर नसतं. २०२१ मध्ये रहाणे बऱ्याचदा असा बाद होत होता. लॉर्ड्सला चेतेश्वर पुजाराबरोबर तासन्‌तास उभं राहून केलेले ६१ होते, नाही असं नाही. भारत तो सामना जिंकला त्यात त्या भागीदारीचा मोठा वाटा होता. पण त्यानंतर लीड्स आणि ओव्हलला पुन्हा तेच.

आता या वादाची दुसरी बाजू. ती नेहमी राहून जाते, कारण ती बाजू मैदानात दिसतच नाही.

(दृश्य: सिडनी, ११ जानेवारी २०२१)

हनुमा विहारी. मांडीचा स्नायू फाटलाय, धावता येत नाही. तरी १६१ चेंडू खेळून नाबाद २३. अश्विनला साथीला घेऊन त्यानं कसोटी वाचवली. त्यानंतर भारताच्या अकरा जणांत त्याचं नाव यायला जानेवारी २०२२ उजाडलं, तेही जोहान्सबर्गला कोहलीची पाठ दुखावली म्हणून. विहारीनं २० आणि नाबाद ४० केले. त्याच सामन्यात पुजारा आणि रहाणे पहिल्या डावात लागोपाठच्या दोन चेंडूंवर बाद झाले. समालोचन कक्षातून सुनील गावस्करांनी बजावलं की कारकीर्द वाचवायला या दोघांच्या हाती आता कदाचित एकच डाव आहे. दुसऱ्या डावात दोघांनी १११ धावा जोडल्या, रहाणेच्या ५८. केपटाउनला कोहली परतला आणि जागा गेली विहारीची. रहाणेनं तिथं ९ आणि १ केले.

हे विहारीवर अन्यायकारक होतं. रहाणेवर माझं कितीही प्रेम असलं तरी मी हे म्हणणारच. पुण्याई मोजून संघ निवडला की त्याचं मोल बाहेर बसलेल्यानं भरायचं असतं. करुण नायरनं २०१६ साली चेन्नईला नाबाद ३०३ केले आणि पुढच्याच कसोटीत तो बाहेर बसला, कारण दुखापतीतून बरा झालेला रहाणे परत आला होता. तेव्हा रहाणेनं ८२ धावा करून ती निवड सार्थ ठरवली. केपटाउनला तसं झालं नाही.

श्रीलंकेविरुद्धच्या मालिकेसाठी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, निवड समितीनं त्याला वगळलं. बरोबर केलं, आणि खरं तर उशिरा केलं.

(दृश्य: वांद्रे-कुर्ला संकुल, डिसेंबर २०२२)

इथून पुढचा रहाणे मला जास्त मोठा वाटतो. तक्रार केली नाही, मुंबईच्या संघाची धुरा घेतली आणि रणजी खेळायला लागला. हैदराबादविरुद्ध २०४, आसामविरुद्ध १९१. आयपीएलमध्ये चेन्नईकडून त्याची फटकेबाजी पाहून लोक चक्रावले. श्रेयस अय्यरची पाठ दुखावली आणि जून २०२३ मध्ये ओव्हलवर, जागतिक कसोटी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, दार उघडलं.

ऑस्ट्रेलिया ४६९. भारत ४ बाद ७१. पॅट कमिन्सचा चेंडू बोटावर आदळतो. फिजिओ येतो, पट्टी बांधतो, रहाणे पुन्हा स्टान्स घेतो. पालघरच्या शार्दूल ठाकूरबरोबर १०९ धावांची भागीदारी. शेवटी गलीत कॅमेरून ग्रीननं एका हातात अफलातून झेल घेतला तेव्हा रहाणेच्या ८९ झाल्या होत्या. दुसऱ्या डावात ४६. पुढच्या मालिकेसाठी त्याला उपकर्णधार केलं.

वेस्ट इंडिजमध्ये त्याला फलंदाजी मिळाली दोनच डावांत. ३ आणि ८. त्यानंतर कसोटी संघात त्याचं नाव आलं नाही. ८५ कसोटी, ५०७७ धावा, १२ शतकं, आणि त्यानं शतक केलं तो एकही सामना भारत हरला नाही.

कुणी म्हणेल, पुढच्या रणजी हंगामात तरी कुठे त्याच्या धावा झाल्या? खरं आहे. वानखेडेवरच्या अंतिम सामन्यातले ७३ सोडले, तर कर्णधार म्हणून मुंबईला ४२ वं विजेतेपद मिळवून देणाऱ्या रहाणेची बॅट त्या मोसमात गप्पच होती. पण तो हंगाम सुरू झाला जानेवारी २०२४ मध्ये. दक्षिण आफ्रिका दौऱ्यासाठी भारताचा संघ निवडला गेला तो त्याआधी. तेव्हा हातात होता ओव्हलचा डाव, आणि त्याच्या विरोधात कॅरिबियनमधल्या दोन छोट्या खेळी. ज्या खेळाडूला फॉर्म नसताना वर्षभर सांभाळलं, त्याला फॉर्म घेऊन परतल्यावर दोन डावांत मोडीत काढलं. मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही.

(दृश्य: सेंच्युरियन, डिसेंबर २०२३)

याच मैदानावर दोन वर्षांपूर्वी भारत जिंकला, तेव्हा पहिल्या डावात रहाणेनं ४८ केले होते. या वेळी भारत डावानं हरला. दुसऱ्या डावात सगळे मिळून १३१. त्यात कोहलीचे ७६, आणि बाकीच्यांपैकी एकालाही तिशी गाठता आली नाही.