शेवटची वीस सेकंदं

[दृश्य: फेसाळतं पाणी. वर तारेला टांगलेले दांडे.]

हा दांडा पाहा. पाण्याच्या जेमतेम वर झुलतोय. वल्हं, खांदा, अगदी हेल्मेट जरी ओझरतं लागलं, तरी वेळेत २ सेकंदं वाढतात. गेट, म्हणजे दांड्यांमधून जायची वाट, चुकलं, तर ५०.

कनू स्लॅलम. खळाळत्या पाण्यातली होडीची शर्यत. १८ ते २५ गेट आणि साधारण दीड मिनिट. या गेटांमधून सराव करायला मिळत नाही. खेळाडू काठावरून चालत पाणी वाचतात आणि मनातल्या मनात वल्हं मारत राहतात.

[दृश्य: लाल-पांढऱ्या दांड्यांचं गेट. संथ गती.]

हिरवी गेट प्रवाहासोबत जातात. दम काढतात ती ही लाल. इथे प्रवाहाच्या उलट चढायचं असतं. वेगात आलेली होडी खडकाआडच्या उलट फिरणाऱ्या पाण्यात घुसते. वल्ह्याचं पातं पाण्यात रुततं आणि होडी त्याच्याभोवती गर्रकन वळते. त्या क्षणी सगळा भार पोट, पाठ आणि दंडांवर येतो. गेलेला वेग पुन्हा शून्यातून उभा करायचा. असं प्रत्येक लाल गेटला.

होड्या दोन प्रकारच्या. कयाकमध्ये बसायचं असतं, वल्ह्याला दोन पाती असतात. कनूमध्ये गुडघे टेकून, एकाच पात्यावर. मला तरी हे दुसरं जास्त अवघड वाटतं.

हृदयाचे ठोके कमाल पातळीच्या जवळ पोहोचतात. ढोबळमानाने निम्मीच ऊर्जा श्वासातल्या ऑक्सिजनवर मिळते, बाकीची स्नायूंच्या साठ्यातून. तो साठा आटत जातो. हात भरून येतात, बोटांची पकड सैल पडते. नेमकी तेव्हाच शेवटची गेट येतात. खांदा दांड्यापासून बोटभर अंतरावरून काढायचा, तोही थकलेल्या अंगाने!

[दृश्य: टोकियोचा कृत्रिम प्रवाह.]

२७ जुलै २०२१. ऑलिंपिकची कयाक अंतिम फेरी. ऑस्ट्रेलियाची जेसिका फॉक्स पाण्यात सगळ्यांत वेगवान होती. पण दोन दांड्यांना स्पर्श झाला, ४ सेकंदं वाढली. वेळ १०६.७३. सुवर्ण जर्मनीच्या रिकार्डा फुंकला, १०५.५० सेकंदांत. फॉक्सला कांस्य.

दोनच दिवसांनी फॉक्स कनूमध्ये गुडघे टेकून त्याच पाण्यात उतरली. ऑलिंपिकमध्ये महिलांची ही शर्यत पहिल्यांदाच होत होती.

१०५.०४ सेकंदं. एकाही दांड्याला स्पर्श नाही. सुवर्ण.

[दृश्य: रेषेपलीकडे स्थिर होणारी होडी.]