भोंगा वाजल्यानंतर

(दृश्य: तिन्हीसांजा. मंदिर, वर बसवलेला भोंगा.)

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. 2022 च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, गावानं ठरवलं: संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा, मग मोकळीक. आधी अनेकांनी हे हसण्यावारी नेलं. अंगणवाडी सेविका, आशा सेविका, शिक्षक घरोघरी फिरले, तेव्हा कुठं घडी बसली.

दीड तास हाती आला. त्यात पोरांनी करायचं काय? घरोघरी उत्तर एकच: "वाचत बस." निम्मा वेळ वाया जातो तो इथंच.

धडा तिसऱ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, आणि ओळखीचं म्हणजे पाठ झालं असा आपला समज होतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 मध्ये हे तपासलं. विद्यार्थ्यांचा एक गट चारही सत्रं उतारा वाचत राहिला. दुसऱ्यानं एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे, 83 विरुद्ध 71 टक्के. आठवड्यानं मात्र वाचणाऱ्यांना 40 टक्केच आठवलं, लिहिणाऱ्यांना 61. पेपरला जाताना दारात उभं राहून वही चाळणारा मुलगा अगदीच चुकत नाही म्हणायचा; फक्त त्याचं ते ज्ञान पुढच्या आठवड्यापर्यंत टिकत नाही.

(दृश्य: चपलांचं रिकामं खोकं, पुठ्ठ्याच्या पट्ट्या, कात्री.)

यावर घरच्या घरी होणारा उपाय म्हणजे चिठ्ठ्यांचं खोकं. जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी 1970 च्या दशकात ही पद्धत लोकांपर्यंत नेली. खोक्यात पाच कप्पे करायचे. ए-फोर कागदाला तीन घड्या घालून कापला की आठ चिठ्ठ्या. पुढं प्रश्न, मागं उत्तर. पहिला कप्पा रोज काढायचा, दुसरा एक दिवसाआड, तिसरा चौथ्या दिवशी, चौथा आठवड्यानं, पाचवा पंधरवड्यानं. उत्तर बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात. चुकलं की थेट पहिल्यात, मग ती चौथ्यातली का असेना.

बिघडतं ते प्रश्न लिहितानाच. 'प्रतिसरकारची माहिती लिहा' ही चिठ्ठी कुचकामी. अर्धं आलं, अर्धं नाही, मग ती ठेवायची कुठल्या कप्प्यात? तिच्या तीन करा. प्रतिसरकारचे नेते कोण? नाना पाटील. ते कुठल्या जिल्ह्यात उभं राहिलं? सातारा. मग आजच्या सांगलीतली गावं त्यात कशी? 1949 पर्यंत हा भाग साताऱ्यातच होता. तेव्हा दक्षिण सातारा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. ही तिसरी चिठ्ठी सगळ्यांत चांगली, कारण ती पहिल्या दोघींना धरून ठेवते.

(दृश्य: चिठ्ठीचा कोपरा उचलणारी बोटं.)

इथं नीट बघा. प्रश्न वाचून दोन सेकंदही झाले नाहीत तोवर चिठ्ठी उलटली, आणि वर "येतच होतं मला!" ही शुद्ध फसवणूक. आधी पेन्सिलीनं उत्तर लिहायचं, मगच उलटायचं. आठवत नाही म्हणून डोकं खाजवण्यात गेलेली ती दहा सेकंदं फुकट जात नाहीत. आठवण पक्की होते ती त्या धडपडीतच.

दुसरी खोड हावरेपणाची. प्रत्येक चिठ्ठी किमान पाचदा हाती येणार. रोज वीस नव्या टाकल्या, तर काही आठवड्यांत रोजची उजळणी शंभरावर जाते आणि खोकं माळ्यावर. सात-आठ पुरेत.

मोबाइलवर अंकीसारखी ॲप्स हाच हिशोब आपोआप करतात, आणि चिठ्ठ्या हजारात गेल्या की त्यांना तोड नाही. पण शाळकरी पोराच्या हातात कागदच बरा. उजळणीच्या मधोमध व्हॉट्सॲप टणकन वाजलं की आठवायचा धागा तुटतो.

गणिताला हे खोकं अपुरं पडतं. तिथं चिठ्ठीवर उदाहरण लिहायचं आणि दरवेळी आकडे बदलायचे, नाहीतर पोरगं रीत विसरून उत्तरच पाठ करतं.

पाचव्या कप्प्यातही बरोबर आलेल्या चिठ्ठ्या रबर लावून बाजूला ठेवायच्या. सहामाहीच्या दोन आठवडे आधी गठ्ठा सोडायचा. अडलेल्या पुन्हा पहिल्या कप्प्यात.