गम चघळायचा नसतो

श्रोतेहो, नमस्कार.

‘सिगारेट सुटावी म्हणून निकोटिनचा गम खाल्ला, काही फरक पडला नाही,’ असं सांगणाऱ्याला मी आधी विचारतो, खाल्लात कसा? उत्तर ठरलेलं असतं: चघळला की! तिथेच घोटाळा होतो. त्यातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जायला हवं. सारखं चघळलं तर ते लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, मळमळतं, आणि तलफ जागच्या जागी. चार-सहा वेळा चावा, जीभ चुरचुरली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या. चुरचुर थांबली की पुन्हा चावा. आधीची १५ मिनिटं चहा-कॉफी नको.

‘म्हणजे एक सोडून दुसरं व्यसनच ना?’ घरच्यांची शंका रास्त आहे. पण ओढलेल्या धुरातलं निकोटिन काही सेकंदांत मेंदू गाठतं. गम आणि कातडीवर चिकटवायची निकोटिनची पट्टी तेच सावकाश देतात, तेही धुराच्या विषाशिवाय.

सिगारेट सोडवणाऱ्या व्हॅरेनिक्लिन या गोळीची तऱ्हा निराळी. लॅबर्नम झाडाच्या बियांत सायटिसिन नावाचं, निकोटिनसारखं वागणारं द्रव्य असतं. त्याच्या गोळ्या बल्गेरियात १९६४ पासून मिळतात. त्याच धाटणीचं व्हॅरेनिक्लिन अमेरिकेत २००६ मध्ये मंजूर झालं. निकोटिन मेंदूत जिथे जाऊन चिकटतं, ती जागा हे आधीच अडवून बसतं. तलफ थोडी भागते, आणि वर सिगारेट ओढली तरी तिची मजा येत नाही. सिगारेट सोडायला दिलं जाणारं आणखी एक, बुप्रोपिऑन, हे मुळात नैराश्यावरचं औषध. फिट येणाऱ्यांना ते देत नाहीत.

जुगाराच्या व्यसनाचं काय? तिथे शरीरात काही जातच नाही, मग पट्टी कशाची लावणार? औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेनं जुगारासाठी एकही औषध मंजूर केलेलं नाही. दारू आणि अफूच्या व्यसनावरचं नाल्ट्रेक्सोन काही डॉक्टर देतात. जिंकण्याचा कैफ त्यानं काहींच्या बाबतीत बोथट होतो. मुख्य भिस्त मात्र समुपदेशनावर.

आणि उलटंही घडतं. पार्किन्सनसाठी, म्हणजे कंपवातासाठी, दिलेल्या प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल या गोळ्यांनी, आयुष्यात कधी पत्त्याला हात न लावलेली काही माणसं जुगारात ओढली गेली आहेत. या गोळ्या मेंदूतल्या डोपामिनचं, म्हणजे हवंहवंसं वाटायला लावणाऱ्या रसायनाचं, काम करतात, म्हणून. लाजेपायी हे कुणी डॉक्टरांपाशी बोलत नाही. घरात कुणाच्या बाबतीत असं दिसलं तर गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. मात्रा कमी केली किंवा औषध बदललं की बहुतेकांची ती ओढ ओसरते.