‘ह्यू लिंडसे’ : मुंबई ते सुएझ, चाकांच्या आगबोटीनं

[दृश्य : मुंबईच्या गोदीचं जुनं चित्र]

२० मार्च १८३०. ‘ह्यू लिंडसे’ ही ईस्ट इंडिया कंपनीची आगबोट मुंबईहून सुएझकडे निघाली. ४११ टनांची ही बोट मुंबईच्या गोदीतच वाडिया घराण्याच्या हाताखाली बांधलेली. दोन्ही कुशींना एकेक चाक, ८० अश्वशक्तीची दोन इंजिनं, जोडीला शिडं. कप्तान होते जॉन विल्सन.

बोटीत जागा होती साडेपाच दिवसांच्या कोळशापुरती. पहिला मुक्काम एडन, सुमारे १,६४० सागरी मैलांवर, म्हणजे दुप्पट दिवसांचा पल्ला. मग तळाची कोठारं, प्रवाशांच्या खोल्या, अगदी डेकसुद्धा कोळशानं भरला. साडेअकरा फूट पाण्यात बसणारी बोट साडेतेरा फूट बसली.

[दृश्य : चाकाची आकृती, पाण्याची पातळी वरखाली होते]

चाकाच्या बोटीला हे दोन फूट फार जड जातात. आऱ्यांवर लाकडी फळ्या पक्क्या बसवलेल्या असतात. फळी अगदी तळाशी आली, की पाण्याला सरळ मागे रेटते. शिरताना मात्र ती पाणी खाली दाबते आणि निघताना वर उपसते. चाक जितकं खोल, तितकी वाफ या दाबण्या-उपसण्यात वाया. पुढे कोळसा जळतो, बोट हलकी होऊन वर येते आणि शेवटी फळ्या पाण्याला जेमतेम शिवतात. म्हणून फळ्या आकड्यांच्या बोल्टांनी जोडत. बोट जड असली की बोल्ट सैल करून फळ्या आसाकडे सरकवता येत. काम वेळखाऊ, आणि चाक थांबवूनच करायचं.

आडव्या लाटेत बोट डोलू लागली, की एक चाक बुडतं, दुसरं हवेत फिरतं. इंजिनावरचा भार एकाएकी सुटून ते भरधाव पळतं, पुढच्याच क्षणी अडतं. सगळा पीळ आसावर येतो. शिडं लावली तर डोलणं कमी होतं, पण वारा कुशीवर जोराचा असला की बोट एका अंगाला कलते आणि त्या बाजूचं चाक बुडूनच राहतं.

[दृश्य : बॉयलर, भट्टीचं तोंड]

बॉयलरची कथा वेगळी नव्हती. त्यात समुद्राचंच पाणी. वाफ उडून जाते, मीठ मागे राहतं. म्हणून ठरावीक वेळानं तळाचं दाट खारट पाणी बाहेर सोडून नवं घ्यावं लागे. म्हणजे ऊन पाणी समुद्रात आणि ते तापवायला जळलेला कोळसा फुकट. यात कसूर झाली, तर भट्टीवरच्या पत्र्यावर क्षाराचा थर धरतो, उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, पत्रा लाल होऊन फुगतो. हा थर बंदरात बॉयलर निववून, माणूस आत उतरवून, हातोड्यानं ठोकून काढत.

‘ह्यू लिंडसे’ अकराव्या दिवशी एडनला लागली, तेव्हा जेमतेम सहा तासांचा कोळसा उरला होता. पुढचा कोळसा शिडाच्या जहाजानं आधीच पाठवलेला होता, पण तो चढवण्यात दिवसच्या दिवस गेले. २२ एप्रिलला ती सुएझला पोचली. महिन्याहून अधिक लांबलेल्या या सफरीत इंजिनं प्रत्यक्ष चालली ती सुमारे एकवीस दिवस.

[दृश्य : एडन बंदराचा नकाशा]

जानेवारी १८३९ मध्ये कंपनीनं एडन ताब्यात घेतलं. त्यामागे इतर कारणंही होती. पण मुंबईच्या आगबोटींना वाटेत कोळशाचं पक्कं ठाणं हवं होतं, हे त्यातलं मोठं.