पॉवर सीट: स्विच बदलण्याआधी काय मोजायचं?

मंडळी, पॉवर सीट (बटणाने मोटारीवर हलणारी सीट) बंद पडली की आपला हात आधी स्विचकडे जातो. स्विच सहज निघतो, महाग असतो आणि बऱ्याचदा निर्दोषही असतो. म्हणून आज भर मोजण्यावर आहे, तेही करंट वाहत असताना.

त्याआधी एक सूचना, आणि ही टाळायची नाही. सीटखाली पिवळा कपलर (वायरींचा प्लग) दिसला तर तो साइड एअरबॅगचा किंवा बेल्ट प्रीटेन्शनरचा (धडकेत सीटबेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेचा) समजा. सीट काढायची असेल तर इग्निशन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. त्या वायरींना मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प अजिबात लावू नका. पिवळा कपलर सुटलेला असताना इग्निशन चालू केलं तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि बहुतेक गाड्यांत तो स्कॅनरशिवाय (दोषांच्या नोंदी वाचणाऱ्या-पुसणाऱ्या यंत्राशिवाय) जात नाही.

आता सर्किट. मेमरी (सीटची जागा लक्षात ठेवायची सोय) नसलेल्या सीटमध्ये प्रत्येक हालचालीला एक डीसी मोटार असते आणि तिला दोन वायरी. स्विच मोकळा असताना या दोन्ही वायरी स्विचमधूनच अर्थला जोडलेल्या असतात. बटण दाबलं की एक वायर अर्थवरून सुटून प्लसला लागते; दुसरी अर्थलाच राहते. उलट दिशेला दाबलं की अदलाबदल. एवढं डोक्यात बसलं की लक्षणं बोलायला लागतात. समजा, सीट पुढे जाते, पण मागे येत नाही. म्हणजे मोटार, तिच्या दोन्ही वायरी, फ्यूज आणि मुख्य अर्थ ठीक आहेत. रेल (सीट सरकते ती पट्टी) अडकलेली नसेल तर दोष स्विचच्या कॉन्टॅक्टमध्येच. आता कोणता? मागच्या दिशेचा प्लस कॉन्टॅक्ट तर तपासाच, पण दुसऱ्या वायरीचा अर्थ कॉन्टॅक्टही तपासा. तो काळा पडला असेल तरी लक्षण हुबेहूब हेच दिसतं, आणि तिकडे सहसा कोणी बघत नाही.

सगळ्याच हालचाली बंद असतील तर स्विच उघडू नका. फ्यूज, मुख्य फीड (बॅटरीकडून येणारी प्लस वायर) आणि सीटखालचा अर्थ बघा. काही गाड्यांत फ्यूजऐवजी आपोआप रिसेट होणारा ब्रेकर असतो. सीट टोकाला टेकल्यावरही बटण दाबून धरलं की तो गरम होऊन तुटतो, गार झाला की पुन्हा जोडला जातो. ‘कधी चालते, कधी नाही’ या तक्रारीमागे बरेचदा हाच असतो.

मीटर काढण्याआधी एक सोपी चाचणी. दार उघडं ठेवा, छताच्या दिव्याकडे बघा आणि बटण दाबा. दिवा किंचित मंदावला, पण सीट हलली नाही, तर करंट मोटारीपर्यंत पोहोचतोय. रेलमध्ये नाणं किंवा पेन अडकलंय का ते बघा. दिवा तसाच राहिला तर सर्किट कुठेतरी तुटलेलं आहे. एलईडी दिवे मंदावतीलच असं नाही, तिथे फीडच्या वायरीवर डीसी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा) लावा. मोटारीचा आवाज येतोय आणि सीट जागची हलत नाही, तर वायरिंग सोडा. ड्राइव्ह केबल निसटलीय किंवा गिअर झिजलाय.

आता मुख्य मुद्दा. कपलर काढून मीटर लावला, १२.६ व्होल्ट दिसले, म्हणजे फीड चांगलं, असं समजू नका. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण तो स्वतः जवळपास करंट ओढतच नाही. कपलर जोडलेलाच ठेवा, मागून प्रोब घाला आणि कोणाला तरी बटण दाबून धरायला सांगा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं सीटच्या अर्थ वायरीवर: ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थ खराब. प्लस बाजूला बॅटरीपासून स्विचच्या फीडपर्यंत ०.५ व्होल्टपर्यंत चालतं. पण एक मेख आहे. मोजतोय त्या भागाबाहेर सर्किट पूर्ण तुटलेलं असेल तर करंट वाहतच नाही, मग ड्रॉप (म्हणजे वाटेत वाया जाणारं हेच व्होल्टेज) शून्य येतो आणि सगळं ठीक वाटतं. अशा वेळी फीड आणि अर्थ यांच्यामध्ये २१ वॉटचा बल्ब लावा. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो; लखलखीत पेटला नाही तर दोष मोटारीच्या अलीकडेच आहे.

मोटारीवर संशय असेल तर तिचा कपलर काढून फ्यूज लावलेल्या वायरींनी थेट १२ व्होल्ट द्या, मग वायरी उलट करून द्या. हलकं ठोकल्यावर फिरली तर बहुधा कार्बन ब्रश संपलेत. मेमरी सीटमध्ये मात्र फक्त दोन जाड वायरींनाच व्होल्टेज द्यायचं. बारीक वायरी हॉल सेन्सरच्या (मोटार किती फिरली ते मोजणाऱ्या) असतात, तिथे १२ व्होल्ट गेले तर सेन्सर उडू शकतो. या सीटमध्ये स्विच फक्त सिग्नल देतो, मोटारीला करंट मॉड्यूल (सीटचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बॉक्स) देतं. म्हणून आधी स्कॅनरवर बटणाची स्थिती बदलते का ते बघा. मोटार जरा फिरून थांबत असेल, तर अनेक गाड्यांत कारण सेन्सरचे पल्स न मिळणं हे असतं.

तुटलेली वायर बहुतेक वेळा सीटखाली, हार्नेस (वायरींचा जुडगा) दुमडतो त्या जागी सापडते. जोड देताना वायर ताणू नका, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा आणि हार्नेस मूळच्या क्लिपांत परत बसवा. फ्यूज जुन्याच रेटिंगचा. मग सीट दोन्ही टोकांपर्यंत चालवून वायर कुठे रेलखाली येत नाही ना, हे टॉर्च मारून बघा. बॅटरी काढली असेल तर काही मेमरी सीटना टोकं पुन्हा शिकवावी लागतात; त्याची पद्धत त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या.