जॅक फक्त उचलतो

(दृश्य : पुण्यात एरंडवण्यातल्या एका बंगल्याचं पोर्च. शहाबादी फरशी, कडेला शेवाळ. मधोमध लाल एमजीबी.)

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली ही दोन सीटांची उघडी गाडी. वजन टनाच्या आसपास. आज मागचे ब्रेक ड्रम उघडायचे आहेत, म्हणजे मागची दोन्ही चाकं हवेत.

जॅक अजून डिकीतच आहे. आधी फरशी.

(दृश्य : हातोडीच्या दांड्यानं फरशी ठोकणारा हात. टक, टक, डब.)

हा 'डब' ऐकलात? शहाबादीखालचा मुरूम पावसाच्या पाण्यानं खचला की फरशी वरून सपाट दिसते, पण खाली पोकळ असते. जॅक फक्त उचलतो, उचललेली गाडी तोलून धरतो तो स्टँड, म्हणजे लोखंडी घोडा. एका स्टँडचे चार पाय मिळून अर्ध्या गाडीचा निम्मा भार इथेच देणार. फरशी तडकली की एक पाय खाली जातो, स्टँड कलंडतो. जागा बदला आणि तरीही प्रत्येक स्टँडखाली फूटभर चौरस, १९ मिलिमीटरचा प्लाय घाला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर हा प्लाय हवाच. उतार बघायला तांब्याभर पाणी ओता. धावत सुटलं तर तिथे गाडी उचलू नका.

(दृश्य : दाराखालचा सिल. स्क्रूड्रायव्हरची मूठ पत्र्यावर ठोकत पुढे जाते.)

गाडीबरोबर मिळणारा मूळ जॅक इथे, सिलला लागतो. ही गाडी उघडी, डोक्यावर छत नाही. त्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवण्याचं बरंचसं काम हे सिलच करतात. पत्र्याचे थर एकावर एक, आत चिखल साचतो, पाणी निघायची भोकं बुजतात आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरचा रंग चकचकीत असला तरी त्यावर विश्वास ठेवू नका. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आला तर तिथे जॅक लावायचा नाही. सिल कुजलेला असेल तर मधोमध उचलताच दाराच्या वरच्या बाजूची फट रुंदावते. कॅमेरा त्या फटीवर ठेवला तर डोळ्यांना दिसते.

म्हणून आज चाकांवरचा ट्रॉली जॅक, डिफरन्शियलखाली, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध असलेल्या गिअरच्या फुगीर पेटीखाली. जॅकच्या वाटीत लाकडाचा तुकडा किंवा जाड रबर. डिफरन्शियलच्या मागच्या झाकणाच्या पत्र्यावर मात्र टेकवायचं नाही, तो चेपतो आणि मग तेल गळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. तीच चाकं हवेत गेली की हँडब्रेक आणि गिअर, दोन्ही निरुपयोगी. शिवाय ड्रम काढायला हँडब्रेक सोडावाच लागतो. म्हणजे गाडी धरून ठेवणार ते पुढच्या चाकांना पुढून आणि मागून लावलेले ठोकळे. विटेचा तुकडा नको, तो सरकतो. तिरकी कापलेली जाड लाकडी पाचर घ्या. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये कापून देतात.

व्हील नट अर्धा फेरा सैल करायचे ते चाकं जमिनीवर असतानाच.

(दृश्य : जॅकचा दांडा. गाडी इंच इंच वर. जॅकची चाकं जवळून.)

जॅकचा हात सरळ वर जात नाही, कमानीत जातो. पुढची चाकं जागच्या जागी असल्यामुळे जॅक स्वतःच गाडीखाली पुढे सरकतो, आणि त्याला सरकू द्यायचं. त्याची चाकं फरशीच्या सांध्यात अडकली तर वाटी डिफरन्शियलवरून घसरते. सांधे मोठे असतील तर खाली लोखंडी पत्रा टाका.

चाक जमिनीपासून दोन इंच सुटलं की पुरे. स्टँड अ‍ॅक्सलच्या नळीखाली, स्प्रिंगच्या पाट्यांजवळ, दोन्ही उंचीच्या सारख्याच खाचेत. नळीवरून ब्रेकची बारीक पाइप जाते. ती स्टँडच्या कपात सापडली तर चिरडते. वीट, एएसी ब्लॉक (बांधकामातले हलके सच्छिद्र ठोकळे) यांना स्टँड म्हणू नका. ते सूचना न देता फुटतात.

जॅक सावकाश सोडा, भार स्टँडवर येऊ द्या, मग जॅक नुसता टेकवून ठेवा. आता गाडीला बाजूनं कमरेनं धक्का. काही हललं, किरकिरलं, तर पुन्हा उचलून स्टँड नीट बसवा. काढलेली चाकं सिलखाली सरकवून ठेवा.

जॅक हळूहळू खाली बसतो का, हे गाडीखाली जाण्याआधी तपासावं: उचलून दहा मिनिटं ठेवायचं. बसत असेल तर जॅकच्या आतलं रबरी सील गेलंय. त्यात ब्रेक ऑइल घालू नये, उरलेली सीलही फुगतात. जॅकचंच हायड्रॉलिक तेल लागतं.

काम झालं की चाकं चढवा, हँडब्रेक ओढा, स्टँड काढा, गाडी खाली. चारही नट समोरासमोर घट्ट करा. पुढच्या पाचरी सगळ्यात शेवटी.