कार्डावरची एक ओळ

हे कार्ड बघा. ब्रिटनमध्ये आश्रयाचा अर्ज करणाऱ्याला ते मिळतं. फोटो, नाव, जन्मतारीख आणि बहुतेकांच्या कार्डावर एक ओळ: काम करण्यास मनाई.

निर्णय येईपर्यंत सरकार अनेकांना हॉटेलात ठेवतं, जेवण देतं. हातखर्चाला 2025 मध्ये आठवड्याला 10 पौंडही नाहीत. बसभाडं, फोनचा रिचार्ज, इथवर आणणाऱ्या दलालाचं कर्ज, सगळं त्यातच. 12 महिने उलटले आणि उशीर अर्जदारामुळे झालेला नसला, तरच कामाची परवानगी मागता येते, तीही ठरावीक कामांपुरती.

मग एक जण भेटतो, बरेचदा आपल्याच भाषेत बोलणारा. गाड्या धुवायचं काम देतो, किंवा दुसऱ्याच्या नावावरचं डिलिव्हरीचं खातं भाड्यानं. मजुरी बुडवली तर दाद मागायची कुठे? 2016 च्या कायद्यानं विनापरवाना काम हाच गुन्हा, कमाईही जप्त होऊ शकते. धमकी द्यायला एवढं पुरतं.

म्हणून अशा माणसाला मदत करायला बसलात, तर ‘तुमचं शोषण होतंय का?’ असं विचारू नका. उत्तर ‘नाही’च येतं. सोबत आलेल्या ‘काकां’ना बाहेर बसवा, दुभाषा त्यांच्या ओळखीचा नको. मग विचारा: कार्ड आणि फोन कुणाकडे असतो? कामावर कोण नेतं? फेडताय, तरी कर्ज वाढतंय का?

पुढची वाट 2009 पासूनच्या राष्ट्रीय रेफरल यंत्रणेची, म्हणजे मानवी तस्करी आणि गुलामगिरीचे बळी ओळखून त्यांना मदत देणाऱ्या सरकारी व्यवस्थेची. तिचा फॉर्म पोलीस, गृहखातं, स्थानिक परिषद (तिथली नगरपालिका) आणि ठरावीक संस्थाच भरू शकतात. प्रौढाची संमती लागते, आणि ती नीट समजावून घ्यायला हवी. मुलांना संमतीची अट नाही. फॉर्म फसतो तो मोघमपणामुळे. ‘राबवून घेतलं असावं’ एवढ्यानं भागत नाही; कुठे, कधीपासून, कुणी, काय धमकी दिली, हे लिहावं लागतं. प्राथमिक निर्णय बाजूनं लागला की किमान 30 दिवसांचं संरक्षण मिळतं.

सर्वांत मोठी चूक मुलांच्या बाबतीत झाली. 2021 पासून एकट्या आलेल्या मुलांना परिषदेच्या देखरेखीत न देता हॉटेलांत ठेवलं गेलं. जानेवारी 2023 मध्ये सरकारनं संसदेत सांगितलं, 200 मुलं बेपत्ता आहेत. हॉटेलांचा हा सरसकट वापर बेकायदा असल्याचं उच्च न्यायालयानं म्हटलं, पण ते जुलैमध्ये.

मूल आलं की पहिल्याच रात्री फोटो घ्या, अंगावरच्या कपड्यांचं वर्णन लिहा. फोनमधले, चिठ्ठीवरचे, कपड्याच्या शिवणीत लपवलेले नंबर टिपून ठेवा. मूल निघून गेलं, तर माग काढायला बरेचदा तेवढाच धागा उरतो.